गणपती गेल्यावरची चूल

वसू, तुझ्या ओट्यावर लायटर नाही. काडेपेटी सापडली, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोन रबरबँड, आणि ती पिशवी सगळ्यात वरच्या फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात. अशी काडेपेटी कोण ठेवतं आणि का, ते मला काल कळलं. तुझी वहिनी जन्मभर पोरांना गणित शिकवत होती, पण ही एवढीशी बेरीज जमायला तुला जावं लागलं.

मी रोह्याला आले आहे. तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या त्या डुगडुगत्या स्टुलावर बसून हे लिहिते आहे. एका शेगडीवर भाताचा कुकर, दुसरीवर पातेलं. मधे मधे उठेन, रागावू नकोस. तशीही हल्ली मला एका जागी बसवत नाही. तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत मी पेणच्या घरातली कपाटं दोनदा लावली, डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या, तुझ्या दादाच्या जुन्या चपला अखेर टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यातून परत आणल्या. मंदार म्हणाला, आई, जरा बस. मी म्हटलं, बसून काय करू?

शोकसभा झाली, शाळेच्या हॉलमध्ये. मला बोलायला सांगितलं होतं. घसा बसलाय म्हणून मी टाळलं. घसा ठणठणीत होता. पण तिथं जो उठेल तो तुला शांत म्हणत होता. शांत, सोशिक, सेवाभावी. तू शांत कधी होतीस? टेम्पोवाल्याने पोती ओल्यात उतरवली तेव्हा तू त्याला काय काय बोललीस ते मी ऐकलंय, आणि मला त्यातला एक शब्द नवीन होता. तू सोशिक नव्हतीस. तू माझ्याशीच काय ती गप्प राहायचीस, आणि ते मला फार उशिरा कळलं.

आणि दहाव्याला कावळा कसा लगेच शिवला गं? मंदारने पिंड ठेवला, दोन पावलं मागे सरकला आणि शिवला. सगळे म्हणाले, बघा, काही इच्छा मागे राहिली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काही राहिलं नाही कसं? आपलं भांडण राहिलं होतं ना. वर्षभराचं. तू ते सोडून दिलंस आणि मला सांगितलंही नाहीस, याला काय म्हणायचं?

थांब, शिटी झाली.

आले. तर, तू मला या कामात ओढलंस ते आधी सांगते, म्हणजे मी नुसतीच भांडतेय असं व्हायला नको. तुझा दादा गेला, त्याला तीन महिने झाले होते. मी खिडकीशी बसून असायचे. त्या पावसाळ्यात खाडीकडच्या गावांत पाणी शिरलं. तू कंपनीतली शिफ्ट संपवून थेट रोह्याहून आलीस, पायात रबरी बूट, हातात दोन रिकाम्या गोणी, आणि दारातूनच म्हणालीस, "वहिनी, ऊठ. तुला याद्या करता येतात." तुला कशी आहेस, जेवलीस का, काही विचारायचं सुचलं नाही. सगळे मला तेच विचारत होते. तू एकटीने मला काम सांगितलंस. मी उठले, वसू. त्या दिवशी उठले ते आजपर्यंत. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. नणंदेला काय बोलून दाखवायचं, असं वाटायचं.

मग दर वर्षी आपलं ठरल्यासारखं. पाणी चढलं की पाच-सहा निवृत्त शिक्षक, काही जुने विद्यार्थी, एक टेम्पो, आणि आपण दोघी. तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, हळद-तिखट, चहा-साखर. मी ओटीवर बसून नावं लिहायची आणि तू तोवर आत, कुणाच्या तरी चुलीपाशी, बशीतून चहा पीत, "काय गो, किती पाणी आलेलं?" मला वाटायचं, ही नुसती गप्पा मारते. एका वर्षी शिध्यात मी गव्हाचं पीठ घालायला लावलं. पौष्टिक म्हणून. तू म्हणालीस, "वहिनी, ही माणसं तांदळाची भाकरी खातात." मी ऐकलं नाही. पुढच्या आठवड्यात जोह्याला, त्या मूर्तिकारांच्या गावी, गेलो, तर आपल्या पिठाची खळ केलेली आणि त्या खळीने गणपतीला मुकुटाचे खडे चिकटवत होते. तू हसून हसून पायरीवर बसलीस. "तुझं पीठ देवाला लागलं बघ. आणखी काय पाहिजे?" वर्षभर तू मला ती गोष्ट ऐकवलीस. चारचौघांत ऐकवलीस. मला राग यायचा आणि आता तीच गोष्ट सांगायला माणूस नाही.

पैशावरूनही आपलं कधी पटलं नाही. तू म्हणायचीस, तांदूळ दिला की त्यांनी काय खायचं ते आपण ठरवतो, रोख दिली की त्या बायका ठरवतात. मी म्हणायचे, रोख दिली की ती कुठं जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तू म्हणायचीस, "तुझ्या पेन्शनचं तू काय करतेस, मी विचारते का?" यावर मी विषय बदलायचे.

आता गेल्या वर्षीचं. हे लिहायलाच बसले आहे आणि इतका वेळ पातेल्याकडेच बघते आहे.

श्रावण लागायच्या आधीचा पूर. इकडे रोह्याला कुंडलिका चढली, तिकडे पेणला खाडीचं पाणी आत आलं. मी तुला फोन केला, तुझ्याकडे कसं आहे? तू म्हणालीस, "आमच्या आळीत घोट्याएवढं आलं, गेलं पण." दोन दिवसांनी तू पेणला आलीस. तुझ्या साडीला कुबट वास येत होता. मी म्हटलं, "कपडे नीट वाळवत जा गं, एकटी राहतेस म्हणून काय कसंही राहायचं?" तू म्हणालीस, "व्हय, राहिलं खरं." गंमत करायची असली की नाहीतर काही लपवायचं असलं की तू गावातलं बोलायचीस. हे मला तीस वर्षं माहीत होतं. तरी त्या दिवशी लक्षात आलं नाही.

त्या वर्षी शिध्याबरोबर पैसेही होते. मुंबईच्या एका संस्थेने घरटी रोख मदत द्यायचं कबूल केलं होतं, थेट बँकेत. यादी आपण करायची. घर म्हणजे काय, हे कुणीतरी ठरवायला हवं होतं. मी ठरवलं. जनगणनेच्या कामाला मी तीनदा उन्हातान्हात फिरले आहे, तिथलं वाक्य मला पाठ होतं. एका चुलीवर जेवतात ते एक घर. एक चूल, एक नाव. आपल्या समितीने माना डोलावल्या. मला वाटलं, किती स्वच्छ नियम आहे, कुणाला भांडायला जागाच नाही.

जोह्याला अनंताच्या गणपतीच्या कारखान्यात गेलो. पाणी ओसरलं होतं. खालच्या फळीवरच्या शाडूच्या मूर्ती बसल्या जागी विरघळून नुसते गोळे झाले होते, वरच्या फळीवरच्या तेवढ्या वाचल्या होत्या. गणपतीला महिना राहिलेला. अनंता, त्याचा धाकटा भाऊ, दोघांच्या बायका, आणि मधल्या भावाची विधवा सुगंधा, सगळे कामाला लागले होते. सुगंधा मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होती. आपण आत शिरलो तरी तिने वर पाहिलं नाही. हातातला डोळा अर्धा सोडता येत नाही म्हणाली.

मी अनंताला विचारलं, "चुली किती?"

"एकच हाय, बाई. सगली इथंच जेवतो."

मी लिहिलं. एक. तेवढ्यात तू मागच्या पडवीतून आलीस, हातात बशी.

"वहिनी, ही कारखान्याची चूल आहे. सीझन आहे म्हणून. बायका दिवसभर रंगकामाला बसतात, स्वयंपाकाला वेळ कुठे? गणपती गेले की तिघी आपापल्या घरी शिजवतात."

"आज किती आहेत?"

"आज एकच."

"मग एकच."

"अगं, विचार तरी त्यांना. गणपती गेल्यावर कुठं शिजवता म्हणून."

"फॉर्मवर 'गेल्यावर' असा रकाना नाही, वसू."

अनंता हसला. मीही हसले. तू हसली नाहीस. बशीतला चहा तसाच घेऊन परत आत गेलीस.

दुसऱ्या दिवशी पेणला माझ्या स्वयंपाकघरात आपण दोघी डाळीच्या पिशव्या बांधत होतो. तू पुन्हा तेच काढलंस. तू सुगंधाच्या घरी जाऊन आली होतीस. आळीच्या टोकाला दोन खोल्या, मागची भिंत पडलेली, चूल वाहून गेलेली, कणगीतलं भात भिजून मोड आलेलं. "तिचं नाव वेगळं घाल," म्हणालीस. मी म्हटलं, ती दिराकडे जेवते. तू म्हणालीस, भाद्रपदापर्यंत. मी म्हटलं, यादी आज जायची आहे. तू म्हणालीस, मग आज बदल.

"अगं, ती एकटी बाई," मी म्हटलं. "एका माणसाचं कसलं आलंय वेगळं घर?"

"असतं," तू म्हणालीस.

आणि मग मी ते बोलले. तू ऐकलंस ते बरोबर ऐकलंस, मी कितीही वेळा मनात ते बदलून पाहिलं तरी ते तेच आहे. मी म्हटलं, "तुला काय कळणार गं घर म्हणजे काय? तुझं नाव अजून आमच्याच कार्डावर आहे."

तू पिशवीची गाठ मारत होतीस. ती पुरी केलीस. मग म्हणालीस, "व्हय. ते खरंच हाय."

त्यानंतर संध्याकाळपर्यंत तू पिशव्या बांधल्यास. माझ्याहून जास्त बांधल्यास. पाचच्या एसटीने गेलीस. मला वाटलं, विषय मिटला. मला वाटलं, मी जिंकले.

वसू, रेशनकार्डाचं खरं तर तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. तू नोकरीला रोह्याला गेलीस, खोली घेतलीस, पुढे ही जागा विकत घेतलीस, तेव्हा तू नाव वेगळं करायचं म्हणत होतीस. तुझा दादाच म्हणाला, "कशाला? तुझं घर इथंच आहे की." तो प्रेमाने म्हणाला होता. मीही मान हलवली होती. लग्न न झालेल्या बहिणीला आपण मोठ्या मनाने घर देतोय, असं वाटत होतं आम्हाला. तू स्वतःच्या पैशाने घेतलेलं घर आम्ही कुणीच धरलं नाही. सणाला तू पेणला यायचीस. सुट्टीला तू पेणला यायचीस. आजारी पडलीस तरी पेणला. इथे आम्ही कधी आलो? मी दोनदा आले असेन. चहा घेतला आणि गाडी चुकेल म्हणून उठले.

यादी गेली, पैसे आले. अनंताच्या खात्यात, एका घराचे. त्याने लबाडी केली नाही, हे सांगायलाच हवं. त्याने रंग आणला, ताडपत्री आणली, कारखाना उभा केला, सगळ्यांचे गणपती वेळेवर गाड्यांत चढले. मी समितीत सांगितलं, बघा, पैसा कामाला लागला. तू त्या बैठकीला आली नव्हतीस. शिफ्ट आहे म्हणालीस. तोवर तू निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. ही थाप मला त्याच दिवशी कळली होती, पण मीही विचारलं नाही.

दिवाळीला तू कडबोळी घेऊन आलीस. आपण सगळ्यावर बोललो. मंदारच्या नोकरीवर, गुडघ्यांवर, शेजारच्या बाईच्या नव्या जिन्यावर. त्या एका गोष्टीवर नाही. आता लाज वाटते सांगायला, पण मी वाट बघत होते. तू म्हणशील, वहिनी, माझं जरा चुकलंच, तू बोललीस ते बरोबर होतं, याची. मी वाट बघत होते. तू मात्र माझ्या मागे येऊन माझा अंबाडा नीट केलास आणि म्हणालीस, "पिना कमी घालतेस हल्ली."

थांब, जरा मीठ बघते.

मग यंदा आषाढात एका सकाळी तुझ्या शेजारणीचा फोन. ते मी लिहिणार नाही.

चौदाव्या दिवशी पुन्हा पाणी आलं. मला तेव्हा तुझा राग आला, खरं सांगते. दोन आठवडे थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? समितीतून फोन, बाई, यादी घ्यायची ना? नियम गेल्या वर्षीचाच ठेवू. मी हो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी जोह्याला जायचं सोडून मी इकडे आले, तुझं घर आवरायला. मला वाटलं, हात कामात राहतील.

घर बघून मी बुचकळ्यात पडले. खालची फळी सगळीकडे रिकामी. ट्रंक दोन-दोन विटांवर. गाद्या माळ्यावर. आणि स्वयंपाकघराची भिंत ओट्याच्या वर हातभर पिवळीधमक, त्याच्या वर आपली जुनी पांढरी. मी तोंडाने म्हटलं सुद्धा, "ही काय आवड म्हणायची?" आवरून झालं नाही. एका डब्यात वाल सापडले, एवढे सगळे, गावठी. तुला बिरडं आवडायचं. फुकट कशाला घालवायचे, म्हणून पेणला नेऊन भिजत घातले, फडक्यात बांधून मोड काढले. का ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

आणि काल जोह्याला गेले. एकटी. टेम्पोतून उतरताना मागे वळून पाहिलं, तू बूट घालतेस का म्हणून.

अनंता पुढे आला, खुर्ची दिली, तुझ्याबद्दल दोन शब्द बोलला, डोळे पुसले आणि म्हणाला, "लिवा बाई, चूल एकच. गेल्या सालाप्रमानंच." माझ्या सोयीसाठी म्हणाला बिचारा. नियम त्याला पाठ झाला होता.

मी पेन काढलं, एकचा आकडा लिहायला टेकवलं आणि परत उचललं. मी उठले. इतक्या वर्षांत कधी गेले नव्हते ती मागची पडवी ओलांडून आत गेले. सुगंधा भिंतीशी बसून आखणी करत होती.

"सुगंधा," मी म्हटलं, "गणपती गेल्यावर तू कुठं शिजवतेस गो?"

तो 'गो' माझ्या तोंडून कसा आला, देव जाणे. मी आयुष्यात कुणाला गो म्हटलं नाही. सुगंधाने हातातला डोळा पुरा केला, ब्रश पाण्यात ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"रोह्याच्या ताईंनी पन हेच विचारलेलं."

"मग? काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. कुठं नाय. गनपती गेले, जावा आपापल्या घरात गेल्या, मोठी जाऊ ये म्हनायची जेवायला. रोज कसं जायाचं? ताई आल्या तवा मी पोहे भिजवून खात व्हते. मला म्हनाल्या, चल माझ्याकडं. तुझी चूल नाय, माझी भिजलीय, दोघी मिलून एक लावू."

"भिजलीय म्हणजे?"

"पानी आलेलं ना त्यांच्यात. ओट्याच्या वर. तुमाला नाय म्हायत?"

मी खाली बसले, वसू. तिथंच, रंगाच्या डब्यांमध्ये.

मग तिने सगळं सांगितलं. दोन महिने तू चिखलाचा वास येणाऱ्या घरात राहिलीस, शेगडीचे बर्नर गंजले होते म्हणून बाहेर गॅलरीत स्टोव्हवर शिजवत होतीस, आणि त्याच दिवसांत पेणला येऊन लोकांसाठी डाळीच्या पिशव्या बांधत होतीस. सुगंधा आठ दिवस तुझ्याकडे राहिली. दोघींनी भिंती खरवडल्या. रंगाला पैसे कशाला घालायचे, म्हणून ती इथून उरलेला डबा घेऊन गेली. "पितांबराचा पिवला," म्हणाली, आणि शेजारच्या मूर्तीकडे बोट केलं. तोच रंग. गणपतीच्या पितांबराचा रंग तुझ्या भिंतीला, पाणी चढलं होतं तिथपर्यंत, आणि मी त्याला आवड म्हणून नाव ठेवून गेले होते. शेगडी दुरुस्त झाली त्या दिवशी तू वालाचं बिरडं केलंस. मग तिच्याबरोबर जोह्याला येऊन तुम्ही दोघींनी तिच्या घरात मातीची चूल घातली.

"मला कुणी सांगितलं कसं नाही?" मी विचारलं.

"ताई नको म्हनाल्या. वहिनीला तर नकोच म्हनाल्या. तिची यादी बिघडंल."

वसू, तुझं हे बोलणं ऐकून मी हसले. खरंच हसले, तिथे, सुगंधासमोर. आणि मग इतकी रडले की अनंताची बायको पाणी घेऊन आली. अठरा दिवसांत पहिल्यांदा.

तू मला सांगायला हवं होतंस. हे मी म्हणणारच, कारण मला भांडल्याशिवाय चैन पडत नाही. तुझ्या घरात ओट्याच्या वर पाणी आलं आणि तू मला घोट्याएवढं सांगितलंस, हे काय वागणं झालं? मी काय परकी होते? पण मग वाटतं, सांगून तरी काय झालं असतं? मी म्हटलं असतं, ये निघून पेणला, तुझं घर इथंच आहे. एवढंच म्हटलं असतं. तुझ्याबरोबर चिखल काढायला मी आले नसते. ते घर आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. बाहेरच्या गावांतल्या चुली मोजत मी फिरले आणि माझ्या नणंदेची विझलेली मला दिसली नाही. मी चुकले, वसू. सुगंधाचं चुकले आणि तुझं त्याहून जास्त चुकले. हे मी दिवाळीत म्हणायला हवं होतं.

यादीचं सांगायचं राहिलं. फॉर्मवर अजूनही तसा रकाना नाही. मी पट्टी मागितली. अनंताने मूर्तीची उंची मोजायची लाकडी पट्टी आणून दिली. त्या पट्टीने प्रत्येक पानावर कडेला रेघ मारली आणि वर लिहिलं, 'गणपती गेल्यावर'. अनंताच्या कारखान्यापुढे तीन नावं आली. तो वाकून बघत होता.

"तीन लिवलीत, बाई? चालंल त्यांना?"

"न चालायला काय झालं? मी बघते."

त्याने पट्टी परत घेतली. मग म्हणाला, "सुगंधाचं वेगलंच हाय तसं. गेल्या साली मीच बोलाया पायजे होतं." मी म्हटलं, मी विचारलं कुठं होतं? संध्याकाळी संस्थेला फोन केला. तिकडचा मुलगा म्हणाला, मॅडम, फॉरमॅट बदलता येत नाही. मी म्हटलं, बदलावा लागेल, मी सोमवारी येऊन बसते तुमच्याकडे. मी बसणार आहे. तुला ठाऊक आहे मी कशी बसते. ते ऐकतील की नाही, ते मला माहीत नाही. सगळं जोहे पुन्हा फिरायचं आहे, हमरापूर राहिलं आहे, आणि बरोबर आत जाऊन चहा पिणारं कुणी नाही. आता आत मलाच जावं लागेल. साखर कमी घाला म्हणायला शिकायला हवं.

तुझं घर काय करायचं, असं मंदार विचारत होता. विकू म्हणत होता. मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. पिवळ्या रंगाला मात्र हात लावायचा नाही, एवढं सांगितलं आहे.

भात झाला. वाल जरा बोटचेपे राहिलेत, मला तुझ्यासारखे सोलता येत नाहीत, चार-दोन साली तशाच गेल्यात. मीठही जास्त पडलं आहे, लिहिता लिहिता दोनदा घातलं असणार. फळीवर तुझी ती कडेला चेपलेली ताटली होती, तीच घेतली. गॅस बंद केला, काडेपेटी पुन्हा पिशवीत घातली, रबरबँड लावले, डब्यात ठेवली.

आता वाढून घेते. बावीस वर्षं झाली तुला हे घर घेऊन, वसू, आणि मी तुझ्याकडे आज पहिल्यांदा जेवते आहे.